वाचकांचे प्रश्न : दहा वर्षे मुरलेली राय, तिची चव आणि तिचे मोल

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. गेल्या महिन्यात अमेरिकेहून आलेल्या जावयांनी राय व्हिस्कीची एक बाटली भेट दिली. ती दहा वर्षे मुरवलेली आणि १०० प्रूफची असल्याचे तिच्यावर छापले आहे. तिकडे तिला सुमारे ८० डॉलर पडले, असे मुलीकडून कळले. रविवारी दुपारी शेवभाजीचे जेवण झाल्यावर आम्ही तिघा मित्रांनी ती उघडली. पहिल्याच घोटाला घसा जळाला, लवंगेच्या काढ्यासारखे काहीतरी लागले आणि मग तिघांनीही सोडा घालून ग्लास संपवले. एवढ्या पैशांचे तिच्यात काय आहे, ते आम्हाला कळले नाही. दोष बाटलीचा की आमच्या जिभेचा? तिची चव कशी घ्यावी आणि किमतीला ती उतरते की नाही, हे कसे ठरवावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या जिभेत दोष नाही, आणि बाटलीतही बहुधा नसावा, वेळ तेवढी चुकली. मिरचीचा तिखटपणा आणि मद्याची जळजळ या दोन्ही गोष्टी तोंडातील उष्णता ओळखणाऱ्या एकाच संवेदकाला चेतवतात. खानदेशी शेवभाजीने आधीच पेटलेल्या तोंडात कडक मद्याचा घोट गेला, की आग तेवढी जाणवते आणि बाकीची चव तिच्याखाली झाकून जाते. त्याच जेवणानंतर उत्तमातली उत्तम व्हिस्की दिली असती, तरी आपला अनुभव फारसा वेगळा झाला नसता.

दुसरे कारण लेबलावरच आहे. आपल्याकडच्या बाटलीवर ‘७५ अंश प्रूफ’ असे छापलेले असते आणि शेजारी ४२.८ टक्के मद्यार्क असा उल्लेख असतो; ही जुनी ब्रिटिश मोजणी आहे. अमेरिकेत प्रूफचा आकडा म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट, त्यामुळे जावयांनी दिलेल्या बाटलीवरचे १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के मद्यार्क. आयुष्यभर ४२.८ टक्क्यांची, तीही सोड्यात मिसळून घेणाऱ्या माणसाला ५० टक्क्यांची व्हिस्की नुसती घेतल्यावर घसा जळल्यासारखा वाटला, तर त्यात नवल नाही. त्यात आणखी एक भर अशी की, आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीपासून काढलेला, जवळजवळ चवहीन मद्यार्क मोठ्या प्रमाणात असतो. धान्याची स्वतःची चव त्यात फारशी उरत नाही. राय व्हिस्कीत मात्र ती चव मुद्दाम राखलेली असते.

लवंगेच्या काढ्याची आठवण झाली, असे आपण लिहिले आहे, ते वाचून मला फार बरे वाटले, कारण हे निरीक्षण अचूक आहे. राय हे गव्हाच्या कुळातले, थंड प्रदेशात पिकणारे धान्य आहे. ते आंबताना त्यातल्या घटकांपासून लवंगेसारखा, मसालेदार गंध असलेली द्रव्ये तयार होतात. शिवाय लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉल हेच द्रव्य ओकच्या लाकडातही असते, आणि आपली व्हिस्की दहा वर्षे ओकच्या पिंपात होती. म्हणजे जळजळीच्या आडून का होईना, आपण नेमकी रायची ओळखच पकडली होती. ज्याला काळ्या मसाल्यात लवंग जास्त पडली की दालचिनी, हे पहिल्या घासाला कळते, त्याला ही व्हिस्की समजण्यास काहीच अडचण नाही.

आता पुन्हा एकदा, संध्याकाळी, जेवणाच्या किमान तासभर आधी ती बाटली काढावी. ग्लास तोंडाशी निमुळता होत गेलेला असावा, म्हणजे गंध आत कोंडून राहतो. रुंद तोंडाच्या ग्लासातून किंवा स्टीलच्या पेल्यातून तो उडून जातो. ३० मिलीलीटर ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. त्या वेळात खोलीत उदबत्ती नसावी आणि शेजारी फोडणी चालू नसावी. मग ग्लास हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून, हलकेच वास घ्यावा. नाक ग्लासात खुपसले की मद्यार्काचा झटका बसतो आणि पुढची पाच मिनिटे नाक बधिर होते. पहिल्या वासात व्हॅनिला, गुळाच्या पाकासारखा गोडवा आणि भाजलेल्या लाकडाचा धूर येईल, कारण अमेरिकी नियमानुसार राय व्हिस्की आतून जाळून कोळसा केलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्यामागून रायचे स्वतःचे वास येतात : मिरे, दालचिनी, पुदिना, शहाजिरे आणि कधीकधी चक्क शेपू. क्वचित पिकलेल्या केळ्याचा वासही येतो. तो मनाचा खेळ समजू नये. केळ्याला त्याचा वास देणारे द्रव्य यीस्टही तयार करते, आणि रावेर-यावलच्या बागांजवळ वाढलेल्या माणसाच्या नाकाला ते इतरांपेक्षा लवकर सापडते.

पहिला घोट चमचाभरच असावा आणि त्यावरून मत बनवू नये. तो केवळ तोंडाला सवय व्हावी म्हणून असतो. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवून दहा सेकंद धरावा आणि मग गिळावा. चांगल्या रायमध्ये आधी गोडवा, मग मसाला आणि शेवटी कोरडेपणा अशी चव सरकत जाते. नुसते एकदम पेटून एकदम विझणे हे कच्च्या मालाचे लक्षण आहे. गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते, हे मी घड्याळ पाहून मोजतो. अर्ध्या मिनिटानंतरही मिरे आणि पुदिना जाणवत असतील, तर माल खरा आहे, असे मी मानतो.

त्यानंतर पाणी. आपल्या ३० मिलीलीटरमध्ये १५ मिलीलीटर शुद्ध मद्यार्क आहे. त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलीलीटर पाणी घातले, की ती आपल्या ओळखीच्या ४२.८ टक्क्यांवर येते. दीड चमचा घातले, तर ४० टक्क्यांवर. हे पाणी अर्ध्या-अर्ध्या चमच्याने घालावे आणि दर वेळी वास घ्यावा. एका टप्प्यावर गंध अचानक मोकळा होतो. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मांडणी करून दाखवले होते की, व्हिस्की पातळ केल्यावर तिच्यातील ग्वायकॉलसारखी गंधद्रव्ये पृष्ठभागाकडे येतात. सोडा मात्र या परीक्षेत घालू नये, कारण त्याचे बुडबुडे आणि आंबटसर चटका यांत बारीक चवी हरवतात. परीक्षा झाल्यावर उरलेली व्हिस्की आपण सोड्याबरोबर घेतली, तर त्यात गैर काही नाही.

किमतीच्या प्रश्नाकडे येतो. जळगावच्या सराफाकडून दागिना घेताना बिलावर सोन्याचे वजन, त्याचा कस आणि घडणावळ असे वेगवेगळे मांडलेले असते, आणि घडणावळ डोळ्यांत भरण्याइतकी असली, तर आपण घासाघीस करतो. बाटलीच्या किमतीतही हे सगळे असते, पण एकाच आकड्यात मिसळलेले असते, म्हणून ते आपणच सोडवून पाहावे लागते. वजन आणि कस म्हणजे धान्यातील रायचे प्रमाण, मुरवण्याची वर्षे आणि मद्यार्काची टक्केवारी. ५० टक्क्यांच्या ७५० मिलीलीटरच्या बाटलीत ३७५ मिलीलीटर मद्यार्क असतो आणि ४० टक्क्यांच्या बाटलीत ३००. म्हणजे पहिलीसाठी कंपनीने पिंपातला माल पाव पटीने अधिक दिलेला असतो. हा फरक खरा आहे आणि त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. जड बुडाची काच, लाकडी बूच, मखमली पेटी आणि आजोबांच्या गुप्त कृतीची कहाणी ही सगळी घडणावळ.

वर्षांच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे लोक त्याच्याच नावाने मोजतात. दरवर्षी पिंपातून काही व्हिस्की उडून जाते, जागा आणि भांडवल अडकून पडते, त्यामुळे जुनी व्हिस्की महाग असणे रास्तच आहे. ती महाग आहे म्हणून अधिक चवदार असेलच, असे मात्र नाही. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते, तिथे लाकूड हळूहळू उतरते. अमेरिकी राय कोऱ्या, जाळलेल्या पिंपात असते, आणि कोरे लाकूड भराभर उतरत जाते. एका मर्यादेनंतर धान्य मागे पडून लाकडाचा तुरटपणा पुढे येतो. हवामानाचाही हिशोब वेगळा असतो : स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडते, तर बंगळूरच्या उष्णतेत दहा टक्क्यांहून अधिक. दोन वेगळ्या देशांतल्या बाटल्यांवरची वर्षे एकमेकांशी तोलणे म्हणूनच फोल आहे.

दोन वर्षांपूर्वी जळगावला आम्ही चार जणांनी तीन राय शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. ग्लासांच्या देठांना लाल, पांढरा आणि काळा दोरा बांधला होता, आणि कोणत्या दोऱ्यात काय आहे, हे फक्त ओतणाऱ्या वहिनींना माहीत होते. प्रत्येकाने स्वतंत्रपणे कागदावर लिहिले आणि शेवटी कागद उघडले. काळ्या दोऱ्याच्या ग्लासाबद्दल तिघांनी ‘डाळिंबाची साल’ किंवा ‘फार उकळलेला चहा’ अशा अर्थाचे लिहिले होते. ती बारा वर्षांची आणि तिघींत सर्वांत महाग निघाली. चौघांपैकी तिघांनी पहिला क्रमांक दिला तो पांढऱ्या दोऱ्याला. ती ५० टक्क्यांची, ‘बॉटल्ड इन बॉण्ड’ प्रकारची (या खुणेचा अर्थ पुढच्या उत्तरात दिला आहे) रिटनहाउस होती, जी अमेरिकेत साधारण ३० डॉलरच्या आसपास मिळते. त्याच दोन बाटल्या लेबले पाहून चाखल्या होत्या, तेव्हा माझे स्वतःचे मत नेमके उलट होते. तेव्हापासून किंमत आधी कळलेली असेल, तर मी माझ्या जिभेवर विश्वास ठेवत नाही. आपण तिघे मित्र आहात. घरातल्या कोणालातरी ओतायला सांगून, आपल्या नेहमीच्या व्हिस्कीशेजारी आणि शक्य झाल्यास एखाद्या स्वस्त रायशेजारी ही बाटली अशीच ठेवून पाहावी. ग्लास न धुता तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा वास घ्यावा. मद्यार्क उडून गेल्यावर रिकाम्या ग्लासात धान्य आणि लाकूड यांचा वास उरतो, आणि ज्यात तो उरत नाही, त्या बाटलीत घडणावळच अधिक होती, असे समजावे.

आपल्या बाटलीविषयी एवढे सांगू शकतो की, दहा वर्षे आणि ५० टक्के हे दोन्ही आकडे पाहता अमेरिकेतले ८० डॉलर मला अवास्तव वाटत नाहीत. तीच बाटली इथल्या दुकानातून सीमाशुल्क, राज्याचे उत्पादन शुल्क आणि विक्रीकर भरून घेतली असती, तर त्या किमतीला मी घ्या म्हटले नसते. जावयांनी ती हाताने आणली, यातच तिचे अर्धे मोल आहे. आपणा तिघांपैकी कोणी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेत असल्यास, ही परीक्षा करण्याआधी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील वरिष्ठ निवृत्त होत आहेत. ते जाणकार आहेत, म्हणून वर्गणी काढून १२ हजार रुपयांपर्यंतची राय व्हिस्की द्यावी, असे ठरले आहे. मुंबईच्या दुकानात तीन-चार प्रकार दिसले, पण चाखून पाहण्याची सोय नाही. केवळ लेबल वाचून निवड करता येईल का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : बऱ्याच अंशी येईल, कारण अमेरिकी कायद्याने लेबलावरच्या काही शब्दांचे अर्थ बांधून दिले आहेत. नुसते ‘राय व्हिस्की’ असेल, तर धान्यात किमान ५१ टक्के राय असते. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल, तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते आणि तिच्यात वरून रंग किंवा चव घातलेली नसते. चार वर्षांपेक्षा कमी वयाची असल्यास वय छापावेच लागते. म्हणून ‘स्ट्रेट’ असून वय छापलेले नसेल, तर ती किमान चार वर्षांची आहे, असे खुशाल समजावे. ‘बॉटल्ड इन बॉण्ड’ ही खूण १८९७ च्या कायद्यातून आली. त्या काळी व्यापारी व्हिस्कीत वाटेल ते मिसळत असत, म्हणून सरकारने हमी घालून दिली : एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या कोठारात किमान चार वर्षे राहिलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. आपल्याकडे दागिन्यावर हॉलमार्क पाहतात, तशी मी ही खूण पाहतो.

कॅनडाच्या बाटलीबाबत मात्र सावध राहावे. तिथे ‘राय’ हे व्हिस्कीचे रूढ नाव झाले असून, त्या नावाखाली रायचे किमान प्रमाण कायद्याने ठरवलेले नाही. याचा अर्थ कॅनडाची राय हलकी, असा मुळीच नाही. कॅलगरीतील अल्बर्टा डिस्टिलर्स ही भट्टी शंभर टक्के रायची व्हिस्की गाळण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि हे काम सोपे नाही, कारण रायचा आंबवण चिकट होतो आणि फेसाळून वर येतो. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील व्हिसलपिग या नामवंत कंपनीने आपली सुरुवातीची दहा वर्षांची राय कॅनडातूनच घेतली होती.

लेबलाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरेही वाचावीत. ‘इंडियानात गाळलेली’ असे असेल, तर ती बहुधा अमेरिकेच्या त्या राज्यातील लॉरेन्सबर्ग येथील मोठ्या कारखान्यातली, ९५ टक्के राय आणि ५ टक्के सातू यांची असते. कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत हाच माल असतो. माल उत्तमच आहे, पुदिना आणि शेपू त्यात स्पष्ट येतात. परंतु एकाच कारखान्याचा, जवळपास एकाच वयाचा माल एका नावाने सहा हजाराला आणि दुसऱ्या नावाने बारा हजाराला मिळत असेल, तर वरचे सहा हजार कशाचे, हे दुकानदाराला विचारायला संकोच करू नये.

१२ हजारांची बाटली म्हणजे ३० मिलीलीटरचे २५ भाग, अर्थात एका भागाला ४८० रुपये. माझा सल्ला असा की, त्याच रकमेत बसल्यास ५० टक्क्यांच्या दोन वेगवेगळ्या ‘स्ट्रेट’ राय द्याव्यात, एक ९५ टक्के रायची आणि एक ५१ टक्क्यांच्या जवळपासची, जिच्यात मक्याचा गोडवा जाणवतो. जाणकार माणसाला एका महागड्या बाटलीपेक्षा तुलना करता येईल, अशी जोडी अधिक आवडते. जाता जाता सांगतो : सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी व्हिस्कीवरचे सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, ते बर्बन या मुख्यतः मक्यापासून केलेल्या प्रकारापुरते होते, त्यामुळे ‘शुल्क कमी झाले, आता राय स्वस्त झाली’ असे कोणी सांगितल्यास बिल नीट पाहावे. खरेदी करणाऱ्याचे वय महाराष्ट्रात २५ वर्षे पूर्ण असावे लागते आणि परवानाही लागतो, हेही वर्गणी काढणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : राय म्हणजे आपली राई, म्हणजे मोहरीच ना? म्हणूनच ती तिखट लागते का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. नावात साम्य आहे, एवढेच. मोहरी हे तेलबी आहे, राय हे तृणधान्य. पोलंड, जर्मनी, रशिया या थंड देशांत तिची भाकरीसारखी काळपट पोळी आणि पाव करतात, आणि त्या पावात पुष्कळदा शहाजिरे घालतात. त्यामुळे पाव खाऊन मोठे झालेल्या लोकांना राय व्हिस्कीत शहाजिऱ्याची आठवण येते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी भावाने आणलेली रायची बंद बाटली माझ्याकडे आहे. ती ठेवली तर आणखी चांगली होईल का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. शिवाय भाऊ या वेळी सुरतेला विमानाने उतरून ताप्ती मार्गाच्या गाडीने येणार आहे आणि आणखी दोन बाटल्या आणू का, असे विचारतो.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : व्हिस्की पिंपात मुरते, काचेत मुरत नाही. आपली बाटली ज्या दिवशी भरली, त्या दिवशी तिचे वय थांबले. ती वाढणार नाही, पण उन्हाळ्यात खराब मात्र होऊ शकते. पत्र्याच्या छताखालची माडी किंवा स्वयंपाकघरातला माळा टाळावा. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, जाड भिंतीच्या कपाटात, उजेड न लागता ती उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास कडक मद्य बुचाला सतत लागून ते भुसभुशीत होते. एकदा उघडल्यावर निम्म्याहून अधिक भरलेली बाटली वर्षभर बरी राहते. तळाशी चार बोटे उरली, की हवेने चव लवकर उतरते, तेव्हा उरलेली व्हिस्की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी.

सुरतेचा बेत मात्र भावाला आजच फोन करून बदलायला सांगावा. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लीटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, हे खरे. पण गुजरातेत दारूबंदी आहे आणि तिथे परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. नवापूर स्थानकाच्या मधूनच दोन राज्यांची हद्द जाते. तिथपर्यंतचा प्रवास गुजरातच्या कायद्याखाली होतो, मग तिकीट अमळनेरचे का असेना. त्याने मुंबईला उतरावे, विमानतळावरच्या खरेदीची पावती बाटल्यांबरोबर ठेवावी आणि तिथून नाशिकमार्गे भुसावळला जाणारी गाडी धरून जळगावला उतरावे. अमळनेर तिथून फार दूर नाही.